ताबा-पावतीची मागची बाजू

ओरखडा चौदा मिलिमीटर लांब होता. डाव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, आतल्या बाजूला. किंचित वाकलेला, तांबूस तपकिरी. रुंदी अर्धा मिलिमीटर. मला खटकलं ते हे, की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा मिलिमीटरच होती. खरा ओरखडा असा नसतो. नख असो, काटा असो की खरखरीत भिंत, कातडीला भिडतानाचा जोर वेगळा आणि सुटतानाचा वेगळा. म्हणून खरा ओरखडा एकीकडे ठळक सुरू होतो आणि दुसरीकडे विरत जातो. हा कुठेच विरत नव्हता.

मी व्हर्निअर कॅलिपर मिटून पर्समध्ये ठेवला आणि यातलं काहीच बोलले नाही.

"चौदा," मी म्हणाले.

"चौदा," खारूच्या बाबाने फॉर्मवर लिहिलं. मग पेन थांबवलं. "पण सकाळी नव्हता हा."

"आता आहे."

"आंघोळीनंतर मी स्वतः बघितलंय. हात, पाय, मान, सगळं. नव्हता."

"मग काय रस्त्यात उगवला?"

खारू, म्हणजे आमची मुलगी, वय दहा, काउंटरवर हात उताणा ठेवून छताकडे बघत होती. दाताच्या डॉक्टरकडे माणसं बघतात तसं.

हे सगळं भाड्याने गाड्या देणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात चाललं होतं, कारण खारूचा बाबा तिथे काउंटरवर काम करतो. गाडी बाहेर जाताना आणि परत येताना तिची तपासणी करून पावती बनवणं हे त्याचं काम. अकरा वर्षं करतोय. मी वजनकाटे आणि मापं तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. आमचा घटस्फोट दोन वर्षांपूर्वी झाला. तेव्हापासून खारू एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे असते आणि दर रविवारी अकरा वाजता या काउंटरवर तिची अदलाबदल होते.

पहिल्याच अदलाबदलीला तिच्या कपाळावर टेंगूळ होतं. ते कोणाच्या घरी आलं यावर आम्ही पाऊण तास घालवला. समुपदेशक बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं सगळं लिहून का ठेवत नाही? लिहिलं की वाद राहत नाही." बाई चांगल्या मनाने बोलल्या होत्या. समोर कोण बसलंय याचा त्यांना अंदाज नव्हता. पुढच्या रविवारी खारूच्या बाबाने ड्रॉवर उघडला आणि त्यात जो फॉर्म होता तो काढला. वरती लिहिलं होतं, 'वाहन ताबा-पावती'. तीन प्रती, मध्ये कार्बन.

मला तेव्हा तो फॉर्म आवडला, हे कबूल करते. नीट आखलेला होता. गाडीचं चित्र चारही बाजूंनी काढलेलं होतं, जिथे ओरखडा किंवा पोचा असेल तिथे फुली मारायची. आम्ही पुढचा बंपर म्हणजे कपाळ धरलं, मागचा म्हणजे पाठ. पुढची काच म्हणजे खारूचा चष्मा. चार टायर म्हणजे दोन बूट आणि दोन चपला. 'इंधन' या रकान्यात तिने नाश्ता किती केलाय ते लिहायचं: पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. 'हॉर्न' मध्ये खोकला आहे का नाही. 'किलोमीटर' ला सुरुवातीला काय लिहावं कळेना. मग मी तिथे उंची लिहायला सुरुवात केली, सेंटिमीटरमध्ये, अधिक-उणे दोन मिलिमीटर. अधिक-उणे लिहिल्याशिवाय मी कुठल्याच आकड्याखाली सही करत नाही. शेवटी 'सोबतचे साहित्य', त्यात दप्तर, उशी, ब्रश वगैरे.

असे एकशे चार फॉर्म झाले. सगळे माझ्याकडे एका फाईलमध्ये आहेत, सगळे त्याच्याकडेही आहेत. तिसरी प्रत कंपनीच्या कपाटात जाते. कंपनीला त्याचं काय करायचं ते माहीत नाही, पण नियमाप्रमाणे तिसरी प्रत कपाटात जाते.

"मग काय लिहू?" त्याने विचारलं. "तू लिही, 'आढळला'. मी लिहितो, 'अमान्य'."

"लिही."

त्याने लिहिलं. खारूने छतावरची नजर खाली आणली.

"म्हणजे एकमत नाही?" तिने विचारलं.

"सध्या नाही," मी म्हणाले. "बॅग घे, निघू."

"मला निघता येणार नाही."

"का?"

तिने फॉर्म स्वतःकडे ओढला आणि उलटा केला. मागच्या बाजूला फिकट करड्या अक्षरांत पानभर मजकूर होता. एकशे चार वेळा मी त्या कागदावर सही केली होती, आणि त्याला मागची बाजू आहे हे मला आत्ता दिसत होतं. जी बाई दुधाच्या पिशवीवरचं निव्वळ वजनसुद्धा काट्यावर पडताळून बघते, तिने हे करावं हे मला अजून पटत नाही.

खारूने चष्मा वर सरकवला आणि वाचलं. "कलम नऊ. नुकसानीबाबत दोन्ही पक्षांत एकमत नसल्यास वाहन जागेवरून हलवू नये. वाद मिटेपर्यंत वाहनाचा ताबा कोणत्याही पक्षाकडे राहणार नाही."

आम्ही दोघं कागदावर वाकलो.

"बरोबर आहे का रे हे?" मी त्याला हळूच विचारलं.

"कलम नऊ आहे असं," तो म्हणाला. त्याला तो फॉर्म तोंडपाठ आहे. "पण ते गाडीसाठी आहे."

"बाबा, वरती काय लिहिलंय? वाहन. पुढे काय लिहिलंय?"

पुढे त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'खारू'. वाहन: खारू. रंग: गव्हाळ. एकशे चार वेळा.

"शहाणपणा पुरे," तो म्हणाला. "आईबरोबर जा गुपचूप."

"तुला सांगता येणार नाही बाबा. तुझ्याकडे ताबा नाही. आईकडे पण नाही."

आता मागे रांग होती. एक गाडी परत करायला आलेला जाडसर गृहस्थ, त्याच्यामागे एक जोडपं, त्याच्यामागे हेल्मेट हातात घेतलेली एक बाई. गृहस्थ हसू दाबत होता. आवाज ऐकून आतल्या केबिनमधून मॅनेजर मॅडम आल्या. मॅडम उंच, बारीक, चष्मा दोरीने गळ्यात. खारूच्या बाबाने मला लग्न टिकलं होतं त्या काळातच सांगितलं होतं, की मॅडमनी एकदा स्वतःच्या नवऱ्याने फूटपाथवर लावलेली गाडी उचलायला लावली होती.

त्यांनी सगळं ऐकलं. फॉर्मची पुढची बाजू वाचली, मागची वाचली. खारूच्या हातावरचा ओरखडा पाहिला.

"पोरीचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ती मुलगी आहे," खारूचा बाबा म्हणाला.

"दोन वर्षं माझ्या फॉर्मवर कोण लिहितंय वाहन म्हणून? मी? मी तुम्हाला पहिल्या दिवशी विचारलं होतं, हे काय चालवलंय. तुम्ही म्हणालात, मॅडम, पद्धत चांगली आहे. चांगलीच आहे. आता पाळा." त्या खारूकडे वळल्या. "पण काउंटरवर थांबता येणार नाही बाळा. वादातली गाडी अंगणात थांबते. सात नंबर रिकामा आहे."

खारूने आपली चाकाची बॅग उचलली, बगलेत उशी घेतली आणि मागच्या दाराने अंगणात गेली.

सात नंबर म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेला, पाच मीटर बाय अडीच मीटरचा चौकोन. डावीकडे एक निळी गाडी, उजवीकडे एक पांढरी. मधोमध तेलाचा जुना डाग. खारूने डागाच्या जरा पुढे बॅग आडवी ठेवली, तिच्यावर उशी ठेवली आणि उशीवर बसली. मॅडमनी चार नारिंगी शंकू आणून चार कोपऱ्यांत ठेवले. मग 'वाद प्रलंबित' अशी पाटी आणली. ती साधारणपणे आरशाला अडकवतात. आरसा नव्हता म्हणून खारूने ती आपल्या बुटाच्या बंदाला अडकवून घेतली.

मी आणि तो शंकूंच्या बाहेर उभे राहिलो. आत जायचं की नाही ते कळेना.

"पक्षांनी आत जायला हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण वाहनाला हात लावायचा नाही."

"हे तुला माहीत होतं?" मी त्याला विचारलं.

"काय?"

"की ती मागची बाजू वाचते."

"ती सगळंच वाचते. शाम्पूची बाटली वाचते." तो शंकूच्या टोकाला बोट लावत म्हणाला, "तुझ्यावर गेलीय."

"आणि कलमं पाठ करणं कोणावर गेलंय?"

आमचं भांडण कधीच मोठं झालं नव्हतं. ते फक्त कधी संपलं नाही. आठ वर्षं बारीक गॅसवर राहिलं, आणि एक दिवस पातेल्यात काही उरलं नाही.

"खारू," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "तुला नक्की काय हवंय?"

तिने बॅगेचा पुढचा कप्पा उघडून प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढला. मी तो लांबूनच ओळखला. नव्या शाळेच्या प्रवेशाचा अर्ज. दोन महिन्यांपूर्वी आला होता, उद्या सकाळी दहापर्यंत द्यायचा होता. तिने सगळे रकाने स्वतः भरले होते, सुबक अक्षरात, रेघ न सोडता. फक्त एक मोकळा होता. 'विद्यार्थ्याचा निवासी पत्ता (एकच लिहावा)'. ज्या भागातला पत्ता, त्या भागातली शाळा. आणि पाचवीपासून दहावीपर्यंतची ही शाळा असल्याने एक आठवडा इथे, एक आठवडा तिथे हे जमणार नव्हतं. आमची दोन घरं शहराच्या दोन टोकांना आहेत, बसने एक तास दहा मिनिटं.

"हे," ती म्हणाली.

"ते आम्ही ठरवू," खारूचा बाबा म्हणाला.

"कधी?"

"आज. संध्याकाळी फोनवर."

"मागच्या रविवारी पण संध्याकाळी फोनवर होतं. त्याच्या मागच्या पण."

हे खरं होतं. कोर्टाने आम्हाला सहा महिन्यांत ठरवायला सांगितलं होतं. आम्ही दोनदा मुदत वाढवून घेतली. आमचे फोन सगळे एका साच्यातले असायचे. मी म्हणायचे, तू सांग तुला काय वाटतं. तो म्हणायचा, तू म्हणशील तसं. मी म्हणायचे, असं नको, तुझं मत सांग. तो म्हणायचा, माझं मत असंच आहे, की तू म्हणशील तसं. मग मी रागावून फोन ठेवायचे आणि मनातून मला बरं वाटायचं, की आज टळलं.

"मग तूच सांग," तो आता खारूला म्हणाला. "तुला कुठे राहायचंय?"

खारूने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी चुकीचं वजन प्रमाणित करून मागणाऱ्या दुकानदाराकडे बघते.

"गाडीला विचारतात का, तुला कुठे जायचंय म्हणून?"

तेवढ्यात तो जाडसर गृहस्थ आपली करडी गाडी घेऊन अंगणात आला. त्याला सात नंबर दिला होता, पावतीवर छापूनच आला होता. त्याने काच खाली केली.

"बाळ, जरा सरकतेस?"

"मला हलवता येत नाही," खारू म्हणाली. "कलम नऊ."

"बरं, बरं." त्याने गाडी बंद केली, बाहेर आला आणि शंकूंपाशी आमच्याशेजारी उभा राहिला, क्रिकेट बघायला थांबल्यासारखा. "काय झालंय? आई-बाबांचं का? कोर्टाने काय सांगितलंय?"

"आपापसांत ठरवा सांगितलंय," खारू म्हणाली.

"मग त्यात ठरवायचं काय? मुलगी आईकडे." तो माझ्याकडे बघून मान हलवत म्हणाला. "आईची माया ती आईची माया. काय ताई?"

माझी आई हेच म्हणते, फक्त जास्त शब्दांत. ती म्हणते, नवरा सोडला ते लोक विसरतील, पण आईने मूल सोडलं हे कोणी विसरत नाही, तुझ्या पाठीमागे बोलतील, आणि ती मोठी झाली की तुला विचारेल. ती दर बुधवारी फोन करते आणि दर बुधवारी हे म्हणते. आणि मला दर बुधवारी हे पटतं.

"मागे काय लिहिलंय म्हणता?" गृहस्थाने स्वतःची पावती उलटी केली. डोळे बारीक करून वाचायला लागला. "अरेच्चा. कलम चार. काचेवर पक्ष्याची विष्ठा असल्यास तो पक्षी कोणत्या भागात बसला हे ठरवावे. हे कोण ठरवणार?"

"मागची बाजू वाचायची नसते," मॅडम दारातून म्हणाल्या.

पण उशीर झाला होता. जोडप्याने आपली पावती उलटी केली, हेल्मेटवाल्या बाईने केली. आतल्या रांगेत कागद उलटल्याचा आवाज मला अंगणापर्यंत ऐकू आला. पाच मिनिटांत काउंटरचं काम ठप्प झालं. कोणी सही करेना. जोडप्यातली बायको नवऱ्याला विचारत होती, कलम अकराप्रमाणे गाडीत भांडण झालं तर ते कोणाच्या जबाबदारीवर, चालवणाऱ्याच्या की शेजारी बसणाऱ्याच्या. नवरा म्हणाला, असं कलमच नाही. ती म्हणाली, आहे, वाच.

"हे तुम्ही दोघांनी निस्तरा," मॅडम आम्हाला म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा कापला. "अकरा वर्षांत कोणी मागे वाचलं नव्हतं."

आम्ही निस्तरायला चौकोनात शिरलो. तो निळ्या गाडीला टेकला, मी पांढऱ्या गाडीला. मधे खारू. बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं एकमेकांपासून दोन मीटरच्या आत होतो, आणि कोणी कोणाला मोजत नव्हतं.

"हे बघ," तो मला म्हणाला, "ओरखडा माझ्याकडे आला असं लिहितो. माझी चूक. वाद संपला. तू तिला घेऊन जा."

"चालणार नाही," खारू म्हणाली. "कलम दहा. दबावाखाली दिलेली मान्यता ग्राह्य नाही."

"कसला दबाव?"

खारूने करड्या गाडीकडे, गृहस्थाकडे, मॅडमकडे आणि काचेला नाक लावून बघणाऱ्या रांगेकडे हात केला.

ती उद्या सकाळपर्यंत बसली असती. मला तिची खात्री आहे. सहा वर्षांची असताना ती एकदा डायनिंग टेबलाखाली चार तास बसली होती, कारण मी म्हटलं होतं की सॉरी म्हणेपर्यंत बाहेर यायचं नाही, आणि चूक तिची नव्हती. शेवटी मी वाकून सॉरी म्हणाले होते.

ती अर्ज मांडीवर ठेवून कंपासपेटीत निळं पेन शोधत होती. पेटीत खोडरबर होतं, टोकयंत्र होतं, आणि त्याच्या खाली एक बारीक मार्कर होता, तांबूस तपकिरी, अर्धा मिलिमीटर टोकाचा. प्रयोगशाळेत आम्ही वजनांच्या डब्यांवर क्रमांक घालायला वापरतो तो. मागच्या रविवारी, खारू बाबाकडे गेली त्याच दिवशी, माझ्या पर्समधला एक कमी झाला होता. मी तो रजिस्टरमध्ये 'गहाळ' असा लिहिलाही होता.

खारूने मला पेटीत बघताना पाहिलं. तिने झाकण लावलं नाही. उलट पेटी माझ्या दिशेला थोडी कलती केली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

म्हणजे तिला माहीत होतं की मला माहीत आहे. कॅलिपर मिटला त्या क्षणापासून.

माझ्या पर्समध्ये स्पिरिटची छोटी बाटली आणि कापूस कायम असतो. मी कापसाचा बोळा करून त्यावर स्पिरिट ओतलं. आता एक पुसायचं काम. शाई आहे, ओरखडा नाही, नुकसान नाही, म्हणून वाद नाही, म्हणून कलम नऊ लागू नाही. मॅडम शंकू उचलतील, गृहस्थ गाडी लावेल, मी खारूला घेऊन माझ्या घरी जाईन. रकाना मोकळाच राहील. संध्याकाळी फोनवर बोलू.

खारूने हात पुढे केला. डावा, आतली बाजू वर. पुसायचं असेल तर पूस, असा.

मी नाही पुसलं. मी बोळा हातात धरून उभी राहिले.

मी त्या रकान्यासाठी एक तक्ता केला होता हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तेवीस निकष, प्रत्येकाला भार. शाळेचं अंतर, घरातला उजेड, शेजारची मुलं, माझ्या कामाच्या वेळा, त्याच्या कामाच्या वेळा. उत्तर त्याच्या घराच्या बाजूने आलं. मी भार बदलले. पुन्हा तेच आलं. मी अकरा वेळा भार बदलले, शेवटच्या वेळी तर 'आई' या निकषाला इतका भार दिला, की प्रयोगशाळेत कोणी असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

तक्ताही सोडून देता आला असता. पण गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी फाईल काढून बसले आणि एकशे चार फॉर्म क्रमाने वाचले. 'सोबतचे साहित्य'. माझ्याकडे येताना: दप्तर, उशी, ब्रश, चपला. माझ्याकडून जाताना: दप्तर, उशी, ब्रश, चपला. एकदाही काही कमी नाही, एकदाही काही जास्त नाही. माझ्या बाथरूममध्ये मी तिच्यासाठी ठेवलेला हिरवा ब्रश आहे. दोन वर्षं झाली, त्याचे केस अजून सरळ आहेत.

माझ्या घरी खारू पाणी घ्यायच्या आधी विचारते. "आई, फ्रिज उघडू का?" इतक्या गोडपणे विचारते, की मला त्यात काही खटकलं नव्हतं, संस्कार वाटले होते. मग एकदा तिची वही माझ्याच पर्समध्ये राहिली म्हणून मी ती द्यायला तिच्या बाबाच्या घरी गेले. दार उघडंच होतं. खारू एका हाताने पुस्तक धरून वाचत आली, पायाच्या अंगठ्याने फ्रिजचं दार उघडलं, न बघता बाटली काढली, आणि ढुंगणाने दार लावलं. तिने मला पाहिलं नाही. मी वही चपलांच्या स्टँडवर ठेवून जिना उतरले.

तो माझ्यापेक्षा चांगला आहे असं नाही. तो इस्त्री करताना गाणी म्हणतो आणि शर्ट जाळतो. फक्त तिथे ती राहते आणि माझ्याकडे ती येते. मापन इतकं स्वच्छ होतं, की अधिक-उणे लिहायची गरज नव्हती.

"काय झालं?" त्याने विचारलं. तो माझ्या हातातल्या कापसाकडे बघत होता. "तू म्हणशील तसं, मी आधीच सांगितलंय."

"माहितीय."

"मी खरंच म्हणतोय. तू तिला घेऊन गेलीस तर मी..." त्याने निळ्या गाडीच्या बॉनेटवरची धूळ तळव्याने पुसली. जिथे धूळ नव्हती तिथेही पुसली. "मी रविवारी येत जाईन. बसने."

तेव्हा मला कळलं, की दोन वर्षं तो 'तू म्हणशील तसं' म्हणत होता ते मी समजत होते तसं हात झटकणं नव्हतं. 'नाही' ऐकायची तयारी करून बसलेला माणूस तेवढंच म्हणू शकतो.

"ताई, बोला काहीतरी," शंकूंपलीकडून गृहस्थ म्हणाला. "माझी विमानाची वेळ होतेय."

"तुम्ही गप्प बसा हो," हेल्मेटवाली बाई म्हणाली. ती कधी अंगणात आली ते मला कळलं नाही.

स्पिरिट लवकर उडतं. एवढ्या कापसावरचं, एवढ्या उन्हात, साधारण तीन मिनिटांत. बोटांना आधी गार लागतं, मग कमी गार, मग काहीच नाही. मी ते सगळं होऊ दिलं. बोळा कोरडा झाला तेव्हा मी तो पर्समध्ये ठेवला.

खारूने हात मागे घेतला आणि निळ्या पेनाचं टोपण काढलं. मोकळ्या रकान्यावर टोक टेकवून ती थांबली. वर बघितलं नाही. तिच्या बुटावरची पाटी वाऱ्याने हलत होती.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले, म्हणजे आमच्या उंच्या जुळल्या.

"लिही," मी म्हणाले. मग लक्षात आलं, की आवाज फक्त तिला ऐकू जाईल इतकाच निघालाय. हे सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं, तिच्या बाबाला, त्या गृहस्थाला, आणि जमलं असतं तर बुधवारी फोन करणाऱ्या माझ्या आईलाही. मी घसा साफ केला.

"तिसरा मजला, डावीकडचं दार. खारू बाबाकडे राहील."